दोन भाऊ, चार काचा

गाडीच्या दाराची काच वरखाली करणारी मोटर दुरुस्त करायची तर आधी दाराचं पॅड काढावं लागतं. आत काय निघेल याचा नेम नसतो. नाणी, बांगडीचे तुकडे, लग्नपत्रिका, एकदा तर जिवंत सरडा! किस्स्यांचंही तसंच आहे. कोणी मुद्दाम टाकत नाही. फटीतून एकेक आत पडतो आणि तळाशी साचत जातो. मग चहा पिता पिता कोणीतरी म्हणतं, "काकाजी, सांगा ना एखादा," आणि एकदा पॅड निघालं की मग मीही थांबत नाही.

वरठीला तुमसर-भंडारा रस्त्याच्या कडेला माझं छोटं दुकान आहे. शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली. त्यामुळे वाचायला वेळ लागतो आणि लिहायला त्याहून जास्त. घाई माझ्या अंगात नाहीच. वायरिंगचं काम सिद्धार्थ बघतो. हात चांगला, जीभ तिखट. शेजारी निर्मलाबाईंची चहाटपरी. नव्या गाड्या आमच्याकडे येत नाहीत. येतात त्या पंधरा-वीस वर्षांच्या, ज्यांची काच एकतर चढत नाही, नाहीतर उतरत नाही.

त्यातलीच एक पांढरी गाडी सिहोऱ्याची. इतक्या वर्षांत हजार गाड्या पाहिल्या असतील, पण तोंडात बोट घालायची पाळी आणली ती हिनंच!

गाडी दोन भावांची. मोठा शालिक, धाकटा मोरेश्वर. दोघंही धान पिकवणारे. वडील गेले, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद झाला आणि दोघांचं बोलणं बंद. तीन वर्षं! शेत वाटलं, घरात मधोमध भिंत घातली. वडिलांची गाडी मात्र एकच, ती कापता येईना. आई कौसाबाईंना दर महिन्याला भंडाऱ्याला दवाखान्यात न्यावं लागे. म्हातारीनं साफ सांगितलं होतं, "दोघं संगं आले तरच मी गाडीत बसंन." म्हणून शालिक गाडी चालवायचा, मोरेश्वर बाजूला बसायचा, आणि कौसाबाई मागे, बरोबर मधात. सिहोऱ्याहून भंडाऱ्यापर्यंत दोन भावांत एक शब्द नाही!

पहिल्यांदा आले त्या दिवशी म्हातारीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "भाऊ, काचा तं होतीनच जी. पन हे दोघं माह्या डोऱ्यादेखत एकडाव बोलले पायजे. मले दुसरं काई नाई पायजे."

मी म्हटलं, "मायबाई, मी काचेचा मिस्त्री."

"मालूम आहे," म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

*

तर तो पहिला दिवस. मी शालिकला विचारलं, "कोन्ती काच करायची?"

"उजव्या दोन करा. त्या माह्या होत."

"आन डावीकडच्या?"

"त्या त्याच्या. वाटनी झाली ना जी!"

गाडीची वाटणी! मी पाना हातात धरून तसाच उभा. सिद्धार्थ गाडीखाली होता, तो उजेडात आला, शालिककडे बघितलं आणि परत खाली गेला.

शालिकनं आपल्या दोन दारांना नवं रबर टाकून घेतलं. मोरेश्वर म्हणाला, माझ्या दारांना जुनंच राहू द्या. काच हळू चढली की लोक मोटरीला शिव्या देतात, पण बहुतेक वेळा मोटर बरी असते. काच ज्या रबराच्या खाचेतून जाते ते उन्हानं सुकतं आणि काच धरून ठेवतं. हे मी मोरेश्वरला सावकाश समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली.

काम झालं. उजवी काच सर्रकन वर गेली. डावी आपली, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.

मोरेश्वरचा चेहरा लाल! शालिक हातभर अंतरावर उभा, पण मोरेश्वरनं मलाच सांगितलं, "काकाजी, त्याले सांगा, बॅटरी बापाची होय. अर्धा करंट माहा आहे. हा पुरा ओढून रायला!"

सिद्धार्थ म्हणाला, "मंग मधात मीटर बसवू का?"

मला वाटलं आता मोरेश्वर भडकणार. तो जवळ आला, हळू आवाजात विचारलं, "बसते का जी?"

*

पावसाळ्यात परत आले. या वेळी मोरेश्वरचं मागचं दार. काच अर्ध्यात अडकलेली. मी दार लावलं तर आतून 'डुबुक' आवाज आला. दाराच्या तळाला पाणी जायला बारीक छिद्रं असतात. ती बुजली की दाराचं टाकं होतं आणि मोटर पाण्यात बसते.

पॅड काढलं आणि मी दोन पावलं मागे सरलो. दारात शेती! खाली चिखल, चिखलावर पाणी, आणि पाण्यातून बोटभर उंचीचे फिकट पिवळे कोंब वर आलेले. धानाचे पऱ्हे! बियाण्याचं पोतं मागच्या सीटवरून नेताना फाटलं होतं, दाणे काचेच्या फटीतून आत पडले, आणि रुजले.

निर्मलाबाई हातात किटली घेऊन धावत आल्या. "अगं माय! रोवनी कधी आहे?"

कोणी हसायच्या आत शालिक मला म्हणाला, "काकाजी, त्याले सांगा, बियानं माहं होतं."

मोरेश्वर मला म्हणाला, "काकाजी, त्याले सांगा, जमीन माही होय."

मी एकदा याच्याकडे बघतो, एकदा त्याच्याकडे. दोघांच्या चेहऱ्यावर हसण्याचा लवलेश नाही! मूठभर पऱ्ह्यांवरून दोन बाप्ये माणसं दहा मिनिटं माझ्यामार्फत भांडली. सिद्धार्थ म्हणाला, "बटईनं करा ना मंग, अर्धं-अर्धं!" तर तेही दोघांना पटेना.

शेवटी कौसाबाई उठल्या. चिखलासकट सगळे पऱ्हे काढले, कागदात गुंडाळले, पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, "चला, नंबर निंगून जाईन डॉक्टरचा."

*

उन्हाळ्यातली गोष्ट. वरठीचं ऊन, दुपारचे दोन. गाडी दुकानासमोर थांबली. मोरेश्वर उतरला आणि टपरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला. कौसाबाई पाणी प्यायला निर्मलाबाईंच्या घरात गेल्या. शालिक गाडीतच. काचा बंद. आणि हॉर्नवर हॉर्न!

मी हातानं दाखवलं, थांबा, येतो. हातातलं काम सोडून उठणं मला जमत नाही. हॉर्न काही थांबेना. तिकडून निर्मलाबाई, "काहून बोंबलते जी हा? पाय मोडले काय याचे? उतरून ये म्हना ना!"

मी हळूहळू गाडीपाशी गेलो. शालिक आतून काहीतरी ओरडत होता, पण रस्त्यावरून ट्रक चाललेले, ऐकू काय येणार! मग त्यानं दवाखान्याच्या चिठ्ठीमागे काहीतरी लिहिलं आणि काचेला चिकटवलं.

मी चष्मा काढला. पुसला. घातला. वाचू लागलो. "दा... र..." शालिक मान हलवतो, हो हो! "बा... हे... रू... न..." शालिकच्या नाकावरून घाम टपटप. मला वाटलं औषधाचं नाव असावं. "उ... घ..."

तेवढ्यात सिद्धार्थनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि झटक्यात दार उघडलं! शालिक पोत्यासारखा बाहेर पडला.

झालं असं होतं की त्याच्या दोन्ही दारांची आतली हँडलं कधीच तुटलेली. काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरून दार उघडायचं, अशी त्याची रीत. त्या दिवशी काचाच बंद पडल्या.

पाणी पाजलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला. मी म्हटलं, "अरे बाबा, बाजूचं दार उघडं होतं. सीटवरून सरकून डावीकडून उतरायचं!"

शालिकनं धापा टाकत माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला चोरी करायला सांगितलं. म्हणाला, "ते दार त्याचं होय ना जी!"

*

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि मोरेश्वर उभा राहिला. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी गावातून गाडी फिरवायची होती. मोरेश्वरला गाडी चालवता येत नाही. कौसाबाईंना ताप होता, त्यांनी अंथरुणातूनच शालिकला शपथ घातली, तेव्हा तो तयार झाला.

गाडीच्या काचांना आता नवी काळी फिल्म लावलेली. मोरेश्वर आत हात जोडून बसलेला, पण त्याची काच खाली जाईना. बटण दाबतो, काही नाही. बाहेर बायाबापड्या उभ्या, त्यांना दिसते नुसती काळी काच! लोक म्हणाले, "निवडून यायच्या आंधीच तोंड लपवून रायला, मंग काय करंन?" थोडक्या मतांनी पडला.

दवाखान्याचा दिवस आला तशी गाडी माझ्या दारात. मोरेश्वर उतरला. मी कान पुढे केला, आता म्हणेल, काकाजी, त्याले सांगा. पण त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ शालिकसमोर गेला.

"तू लॉकचं बटन दाबलं!"

निर्मलाबाईंचं दूध उतू गेलं. कोणी हललं नाही. तीन वर्षांनी पहिला शब्द!

"नाई दाबलं!"

"दाबलं! मुद्दाम दाबलं!"

"मायची आन, नाई दाबलं बे!"

चालवणाऱ्याच्या दारावर एक छोटं बटण असतं. ते दाबलं की बाकीच्या दारांची बटणं मरतात. सिद्धार्थनं स्विच खोलला. लॉकचं बटण दबूनच बसलं होतं, आणि त्याखाली सुपारीचा, तंबाखूचा ओला भुगा. खर्रा! शालिकच्या हाताला चोवीस तास लागलेला असतो तो. दाबलं नव्हतं खरं, पण खर्रा त्याचाच.

सिद्धार्थ म्हणाला, "मोरेश्वरभाऊ, लॉक असलं तरी चालवनाऱ्याच्या बटनानं चारही काचा उतरतेत. याले एकडाव म्हनायचं होतं, काच खाली कर."

मोरेश्वर म्हणाला, "याले? मी म्हनू?"

मी मटकन स्टुलावर बसलो. माणसानं सीट घालवली, पण सख्ख्या भावाला तीन शब्द म्हटले नाहीत!

मग जे भांडण जुंपलं! खर्ऱ्यावरून धुऱ्यावर, धुऱ्यावरून लहानपणीच्या सायकलवर. कौसाबाई मागच्या सीटवर मधात बसून टुकुटुकु बघत होत्या. डोळ्यांत पाणी. मला राहवलं नाही. मी कधी कोणावर ओरडत नाही, पण त्या दिवशी ओरडलो, "चूप बसा रे दोघंही! मायले तरास होऊन रायला, दिसत नाई का?"

दोघं चूप. तसेच चूप गाडीत बसले.

मला फार वाईट वाटलं. आठवड्यानं गाडी परत मागवली, दोन दिवस ठेवून घेतली आणि चारही दारं मनापासून केली. नवं रबर, सांध्यातल्या तुटक्या वायरी बदलल्या, छिद्रं मोकळी केली, शालिकची हँडलं बसवली, स्विच धुऊन काढला. चारही काचा एका दमात, एका चालीनं वरखाली! सिद्धार्थसुद्धा म्हणाला, "काकाजी, आता दहा वर्षं पाहाचं काम नाई."

*

दोन महिने गाडी आली नाही. एका सकाळी दुकानासमोर एसटी थांबली आणि कौसाबाई उतरल्या. एकट्या! ऐंशीच्या घरातली बाई, सिहोऱ्याहून वरठीपर्यंत एसटीनं! मी धावलो. म्हणजे माझ्या मानानं धावलो. मला वाटलं, म्हातारी आभार मानायला आली.

बाकावर बसवलं. निर्मलाबाईंनी चहा दिला. तिनं तो बाजूला ठेवला.

"भाऊ, तुमी कायले चूप केलं जी त्यायले?"

मला कळेना.

"तीन वर्सानं बोलले होते. तुमी चूप केलं तरी भंडाऱ्यापासून परत सुरू झाले. घर येवस्तोर भांडले. मी मधात बसून आयकत होती. तुमसरच्या पुढं मोऱ्यानं भांडता भांडता पान्याची बाटली मांगली, आन शालिकनं देल्ली. आठ दिवस भिंतीच्या दोन्ही बाजूनं भांडन. काच तुह्यानं बिघडली, माह्यानं नाई बिघडली. मले इतकी गाढ झोप कवाच लागली नोयती."

"मंग?"

"मंग तुमी गाडी बनवली. आता काचा कशा लोन्यावानी चालतेत. आन दोघं परत मुके."

सिद्धार्थच्या हातातला टेस्टर खाली पडला. निर्मलाबाई तोंडावर पदर धरून उभ्या. चाळीस वर्षं हे काम करतोय. काच नीट केली म्हणून मला रागावणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं!

"उद्या गाडी घेऊन येऊ," म्हातारी म्हणाली. "डॉक्टरकडं जायाच्या निमतानं. तुमी तेल टाकल्यावानी करा, आन काच बिघडवून द्या."

मी बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "कोन्त्या बाजूची, मायबाई?"

कौसाबाईंनी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला.

"दोन्ही बाजूची, जी. एकाचीच बिघडवली, तं दुसरा म्हनंन, मायनं दुजाभाव केला!"