वामनकाकाईचं सात वाजताचं जेवण

वामनकाकाईच्या गौरवाच्या या पुस्तकात लिहिणारे बाकी सगळे डॉक्टर हायेत. काकाईनं मेडिकल कॉलेजात सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या करून दिल्या, त्या पाहून थे शिकले. मी घाटंजीजवळच्या तांड्यावरची, नववीतून शाळा सोडलेली. काकाईले पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होऊन राह्यले, म्हणून मलेही लिहाले सांगतलं. चारचौघात मले बोलता येत नाई, म्हणून लिहून देते.

काका मले पयल्यांदा दिसले थे घाटंजीच्या दवाखान्यात. नोकरी संपल्यावर काका तिथं शुगरच्या पेशंटाईले चिठ्ठ्या वाचून दाखवाले बसत. मी भिंतीजवळ खाली बसली होती. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा होता. काकाईनं इचारलं, "बाई, डब्यात दही हाय काय?" मी मान हलवली. त्यात माही इन्सुलिनची शिशी होती. आमच्या घरी फ्रिज नाई, शिशी मडक्यात ठेवतो. काका खुर्ची सोडून माह्याजवळ जमिनीवर बसले अन् म्हणाले, "दह्यापेक्षा जपून आणलं तू."

लय दिवसानं माह्याजवळ कोणी येऊन बसलं होतं. शाळेत मी एकदा वर्गातच चक्कर येऊन पडलती. तवापासून पोरी माह्या बाकावर बसत नव्हत्या. हा रोग लागते म्हणे. मंग मी जाणंच सोडलं. काहून येत नाई, हे इचाराले कोणी आलं नाई. घरी याडी, म्हणजे माही आई, म्हणे का लहानपणी तू डब्यातला गूळ चोरून खाल्ला, त्याचंच हे. मले थे खरं वाटे. आपल्याच हातानं झालं तं सांगाव कोणाले, म्हणून मी गप राहो.

काकाईचं काम मले थ्याईच्याच तोंडून समजलं. माणसाच्या शरीराचा बारका तुकडा मेणात बसवाचा, मशीनवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापाचा, कोमट पाण्यावर तरंगवाचा अन् काचेवर अलगद उचलाचा. मंग गुलाबी अन् जांभळा रंग द्याचा. जोरात श्वास सोडला तं पापुद्रा उडून जाते, म्हणून काका आजही हळूच बोलतात. काचेवर फक्त नंबर राह्यते. नाव ना थ्या माणसाचं, ना काकाईचं. पण हरेक तुकडा कापाच्या आधी काकाईनं नमस्कार केलेला हाय.

थ्याईच्या खोलीत एक जुनं सूक्ष्मदर्शक हाय. त्यात मी गळ्यातली थायरॉईड ग्रंथी पाह्यली. गोल गोल खोल्या, अन् हरेक खोलीत गुलाबी पाक भरलेला. मूत्रपिंडावरच्या टोपीवाणी ग्रंथीत वरतून गोळे, मधात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, तासावाणी सरळ ओळी, अन् आत जाळं. काका म्हणाले का या ग्रंथीईले नळी नसते, जे काई सांगाचं थे सरळ रक्तात सोडून देतात, अन् पार पायाच्या बोटापर्यंत जाते.

मंग एक दिवस थ्याईनं स्वादुपिंडाची काच ठेवली. सगळीकडे गर्द जांभळं, अन् मधात एक फिकट ठिपका. पुस्तकात त्याले बेट म्हणतात. इन्सुलिन तिथंच बनते.

काकाईनं इचारलं, "गूळ दिसते काय कुठं?"

मी बराच वेळ पाह्यलं. "नाई," म्हणलं.

"उभा जन्म मी हेच पाह्यलं, मले नाई सापडला. तुह्या याडीले कसा सापडला?"

मंग थ्याईनं समजावून सांगतलं का रोगाशी लढणाऱ्या अंगातल्याच शिपायाईनं माहे बेटं परके समजून मारून टाकले, त्यात कोणाचा कसूर नाई. मले रडू आलं. काकाईनं पाह्यलं नाई असं दाखवलं अन् चहा ठेवाले गेले. दोघाईलेही बिनसाखरेचा.

थ्याच महिन्यात काका सूक्ष्मदर्शक कपड्यात बांधून बसनं आमच्या तांड्यावर आले. याडीले अंगणात बसवून थेच काच दाखवली.  घरात गुळाचं नाव मंग कधी निघालं नाई.

काकू गेल्यापासून काका एकटेच राह्यतात. जेवाची थ्याईले आठवण नसे. म्हणून थ्याईनंच ठरवलं. माह्या इन्सुलिनच्या सुईच्या वेळी, संध्याकाळी सात वाजता, थे फोन लावत, "घेतली काय?" मी "घेतली" म्हणलं का मंगच थे ताटावर बसत.

आता जे लिहिते थे लिहाले लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय काका कोण हायेत हे समजणार नाई. याडी-बा कापूस वेचाले दूर गेलते. घरी मी एकटीच. तांड्यावर कोणीतरी पावडर आणून देल्ली, हे घेतली का सुई सुटते म्हणे. मले वाटलं, सुई सुटली तं शाळेतल्या पोरी परत बाजूले बसतीन. मी सुया बंद केल्या. तीन दिवस सात वाजता फोन आला अन् तिन्ही दिवस मी "घेतली" म्हणलं. चौथ्या दिवशी उलट्या, श्वास पुरेना. शेजाऱ्याईनं यवतमाळच्या दवाखान्यात नेलं.

डोळे उघडले तं काका बाजूच्या स्टुलावर. मले वाटलं आता बोलणे खावा लागतीन. काका माह्या हाताची सलाईन पाहात होते. म्हणाले, "थे तीन दिवस मी जेवलो, पोरी."

एवढंच. मंग थ्याईनं हा इषय कधी काढला नाई. मी बरी होऊन घरी आली, थ्या संध्याकाळी सात वाजता फोन वाजला. "घेतली काय?" आवाज आधीसारखाच. मी "घेतली" म्हणलं, अन् काकाईनं खरं मानलं. पुन्हा खरं मानणारा माणूस मले दुसरा माहीत नाई.

आता काकाईच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. काच मी पाहते अन् काय दिसते थे सांगते. यंदा थ्याईनं माह्याकडून दहावीले बाहेरून बसाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला. परीक्षेच्या हॉलात मी कोणालेच ओळखत नसन, तरी जाईन.

काकाईले शंभर वर्षं मिळो, असं सगळे लिहितीन. मले एवढंच म्हणाचं हाय. काका, माही सुई जन्मभराची हाय. मी रोज घेईन अन् खरंच सांगीन. तुमी रोज सात वाजता फोन लावा, अन् मंग जेवा.