शांतवनअण्णांनी न घेतलेली भाकर

शांतवन घाटगे यांनी मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात बत्तीस वर्षं ड्रेसर म्हणून काम केलं. उसाच्या कोयत्यानं तुटलेलं बोट असो की साखरेच्या आजारानं चिघळलेला पाय, पट्टी सोडताना पेशंट ओरडला नाही म्हणजे ड्युटीवर शांतवनअण्णा आहेत असं नर्सा ओळखायच्या. दुसऱ्याची जखम किती हळुवार हातानं उघडायची हे त्यांना कळत होतं. स्वतःची जखम मात्र त्यांनी आठ वर्षं बांधून ठेवली, आणि आत काय चाललंय हे कुणाला बघू दिलं नाही.

रिटायर झाल्यावर चर्चच्या मंडळीनं त्यांना पंच केलं. तिथं पंचाचा मान मोठा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत प्रत्येकानं भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घ्यायचा. आदल्या दिवशी अण्णा आणि त्यांची बायको मार्था द्राक्षारसाचे इवलेसे पेले कोमट पाण्यात धुऊन, पुसून उपडे मांडायचे. रविवारी पांढरा सदरा घालून अण्णा भाकरीच्या तुकड्यांची थाळी बाकाबाकानं फिरवायचे. सगळ्यांचं झालं की वाढणाऱ्यांनी शेवटी घ्यायचं, अशी त्या मंडळीची रीत. अण्णा थाळी वेदीवर ठेवायचे, तिच्यावर फडकं टाकायचे आणि मान खाली घालून जागेवर जाऊन बसायचे. स्वतःचा तुकडा ते घेतच नसत. दोनशे माणसांना वाढणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे कोण बघतंय? मार्थाला तेवढं ठाऊक होतं, आणि तिनं एकदोनदा विषय काढून बघितला होता. त्यावर अण्णा दोन दोन दिवस जेवणाच्या ताटावरही बोलेनात, तेव्हा तिनं नाद सोडला.

हा नियम त्यांच्या आईचा. तानुबाईला लिहिता येत नव्हतं, पण बायबलच्या शुभवर्तमानातल्या गोष्टी तोंडपाठ होत्या. शांतवन आणि धाकटा बाळासो लहानपणी भांडले, की ती दोघांना चुलीसमोर बसवायची आणि सांगायची की देवाला काही द्यायला निघालास आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर ते तिथंच ठेवायचं, आधी भावाकडे जायचं, मग देवाकडे यायचं. समेट होईपर्यंत दोघांनाही भाकरी मिळायची नाही. बाळासो भुकेला कच्चा. तो लगेच येऊन गळ्यात पडायचा, "आण्णा, चुकलं माझं" म्हणायचा, चूक कुणाची का असेना. शांतवन मात्र उपाशी झोपायला तयार असायचा. त्या वयात लोक त्याला करारी म्हणून कौतुक करत. कौतुक करायला नको होतं.

पुढं बाळासो शिरवळला एका कंपनीत लागला आणि तिथंच राहिला. तानुबाई म्हातारपणी मिरजेला थोरल्याकडे आली. शेवटची तीन वर्षं ती अंथरुणावर होती. अण्णांनी तिचं सगळं केलं. कपडे बदलले, पाठीला पावडर लावली, पेजेचा एकेक चमचा भरवला. बाळासो नाताळला यायचा, आईच्या उशाशी बसून हसवायचा, दोन दिवसांनी जायचा. आणि म्हातारी? ती शेवटच्या आठवड्यात दर थोड्या वेळानं डोळे उघडायची आणि विचारायची, "बाळासो आला का?"

"मी हाय की, आई," अण्णा म्हणायचे.

"व्हय. तू हायस," ती म्हणायची, आणि पुन्हा दाराकडे बघायची.

एवढंच घडलं होतं. ऐकणाऱ्याला काही वाटणार नाही, पण तीन वर्षं उशाशी जागलेल्या माणसाला ते आरपार लागलं.

मे महिन्यातल्या एका पहाटे तानुबाई गेली. अण्णांनी शिरवळला फोन केला. बाळासो बायकोला घेऊन लगेच निघाला, पण खंबाटकी घाटात ट्रक उलटला होता आणि रस्ता तुंबला होता. साडेदहाला त्याचा फोन आला, "आण्णा, घाट सुटला. दोनपातूर पोचतो. मला आईचं तोंड बगू दे, तवर पेटी लावू नगा." चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, काय म्हणतोय? अण्णा म्हणाले, "त्याला यायला संध्याकाळ होईल." पाळकसाहेब म्हणाले, "मग थांबू. पाचपर्यंत थांबायला हरकत नाही, बर्फ मागवू." अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. उन्हाचं ठेवायला नको, म्हणाले. आईच्या देहाची हेळसांड नको, म्हणाले. सगळ्यांना ते पटलं, कारण इतकी सेवा केलेल्या लेकाच्या शब्दाला कोण नाही म्हणणार?

बाळासो पावणेदोनला कबरस्थानात पोचला, तेव्हा ताज्या मातीवर हार ठेवून झाले होते. तो मातीवर बसला आणि दोन्ही हातांनी ती चाचपायला लागला. मग वर बघून म्हणाला, "आण्णा, दोन तास थांबला न्हाईस?"

अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "ती जिती व्हती तवा कुटं व्हतास?" आणि पुढं म्हणाले, "पाळकसाहेबांना घाई होती."

पाळकसाहेब बाजूलाच उभे होते. त्यांनी अण्णांकडे नुसतं बघितलं. भल्या माणसानं मातीच्या जागी तमाशा नको म्हणून तोंड मिटून घेतलं, आणि दोन वर्षांनी ते स्वतःच गेले. आता ही गोष्ट जाणणारा एकच माणूस उरला.

तेव्हापासून अण्णांनी भाकर सोडली. आईचा नियम पाळतोय, असं ते मनाशी म्हणत. भावाशी बिनसलेलं असताना प्रभूच्या मेजावर हात पुढे करायचा नाही. आणि त्यात त्यांना थोडा मोठेपणाही वाटायचा, खोटं कशाला बोला? दर महिन्याला उपाशी उठायचं आणि आपण किती सरळ माणूस आहोत याचं समाधान घरी आणायचं. दोन वर्षांपूर्वी बाळासोच्या बायकोनं, सुवार्तानं, एका पाहुण्याकरवी निरोप धाडला होता, "एकदा येऊन जावा, अण्णा." अण्णा म्हणाले, "त्याला फोन करायला काय झालं?"

यंदा मंडळीत नवे पाळक आले. वयानं तिशीचे, चष्मा लावणारे. ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर थाळी आवरताना त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही घेत नाही का?"

अण्णांनी ताठ मानेनं आईचा धडा सांगितला. हे आठ वर्षांत ते पहिल्यांदाच कुणाला सांगत होते, आणि सांगताना त्यांना बरंही वाटत होतं.

पाळक ऐकून घेऊन म्हणाले, "काका, प्रभूनं दोन गोष्टी सांगितल्यात. अर्पण तिथं ठेव, आणि जा. तुम्ही ठेवलंत. पण गेलात कुठं?"

अण्णांना त्या पोराचा असा राग आला की त्यांनी फडकं तिथंच टाकलं आणि घर गाठलं. सोमवारी जेवले नाहीत. मंगळवारी मार्थाला म्हणाले, "माजा सदरा इस्त्री कर." तिनं कुठं निघालात असं विचारलं नाही. पिशवीत दशम्या बांधून दिल्या, आणि बाळासोला आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी.

मिरजेहून सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा. एसटीच्या खिडकीशी बसून अण्णा शब्द जुळवत होते. आधी म्हणायचं, झालं गेलं. नाही, असं नको. आधी पाळकसाहेबांचं खरं सांगायचं. त्यानं शिव्या दिल्या तर ऐकायच्या. त्यानं दार लावलं तर पायरीवर बसून राहायचं. खंबाटकीचा बोगदा आला तेव्हा ते पुन्हा पहिल्यापासून शब्द जुळवायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण मास्तरांपुढं निघालेल्या पोरासारखा घोकत होता.

घर सापडलं. सुवार्तानं दार उघडलं, आणि अण्णांना बघून पदर तोंडाला लावला. "लय उशीर केलासा, अण्णा," ती एवढंच म्हणाली.

अण्णांनी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. "हाय ना गं तो?"

"हाईत. आत बसल्यात." मग तिनं आवाज उतरवला. "पर तुमास्नी वळकणार न्हाईत. तीन वर्सं झाली. आदी वाट चुकायचे, मंग नावं चुकायला लागली. आता मलाबी कवा कवा बाई म्हणत्यात. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार."

"मला कळवलं का न्हाईस?"

"निरोप धाडला व्हता की."

अण्णांनी पायरीवर चपला काढल्या आणि ते आत आले.

सुवार्ता सांगत राहिली. सगळं विसरले, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. रोज सकाळी अंघोळ करून धुतलेला शर्ट घालतात, पिशवी भरतात आणि मिरजेची गाडी किती वाजता म्हणून विचारतात. गाडी गेली, उद्या जाऊ, म्हटलं की गप बसतात. चर्चमध्ये भाकर पुढे आली की हात मागे घेतात. "आदी आण्णाकडं जाऊन येतो, मंग," असं पाळकांना सांगतात. आठ वर्षांत त्यांनीही एक तुकडा घेतलेला नाही.

एका आईच्या दोन लेकांनी एकच धडा घोकला, दोघंही इमानानं उपाशी राहिले, आणि मधला रस्ता दोघांपैकी कुणी चालला नाही. त्यातला एक आता चालायला तयार होता, तर त्याला वाट आठवत नव्हती.

बाळासो खुर्चीत बसला होता. वाळला होता. शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, मांडीवर पिशवी. अण्णांना बघून तो अदबीनं उठला.

"या, पावणं. कुटलं?"

"मिरजंचा."

बाळासोचा चेहरा उजळला. "मिरजंचं? मंग आमच्या आण्णाला वळकत आसाल. शांतवन घाटगे. दवाखान्यात आस्तोय. लय देवमानूस. त्येला माजा एक निरोप सांगता का?"

अण्णांनी होकारार्थी मान हलवली.

"त्येला सांगा, चूक माजी हाय. आई गेली तवा मी येळंवर पोचलो न्हाई. त्येनं समदं केलं आन् मीच त्येला चारचौघांत बोललो. सांगाल न्हवं?"

अण्णा खाली बसले. बाळासोच्या खुर्चीशी, जमिनीवर. त्याचे हात आपल्या हातात घेतले. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. "बाळासो, चूक तुजी न्हाई रं. तू दोनपातूर येतो म्हणालास. मी संध्याकाळ सांगितलं. पाळकसाहेब थांबाय तयार व्हते. मीच थांबलो न्हाई. आई तुजं नाव घेत व्हती, ते मला सोसलं न्हाई. मी खोटं बोललो, बाळासो. मी तुला आईचं तोंड बगू दिलं न्हाई." ते रडत होते. दवाखान्यात शेकडो माणसांचं रडणं बघितलेल्या त्या माणसाला स्वतःचं रडणं आवरता येत नव्हतं.

बाळासो लक्ष देऊन ऐकत होता. त्याचेही डोळे भरून आले. त्यानं अण्णांच्या पाठीवरून हात फिरवला, परक्याचं दुःख समजून घेतात तसा.

"रडू नगा, पावणं. तुमचाबी भाऊ हाय म्हना की. कुटं आस्तोय?"

अण्णांनी वर बघितलं. त्या डोळ्यांत माया होती, ओळख नव्हती.

"हितंच," ते म्हणाले. "शिरवळला."

"मंग हितं काय करतासा?" बाळासो गडबडीनं उठला. त्यानं अण्णांना दंडाला धरून उभं केलं, त्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि दाराकडे न्यायला लागला. "उटा, उटा. हे मला सांगून काय उपेग? भावाला सांगा. त्यो वाट बगत आसंल. उशीर करू नगा, मी लय केला."

सुवार्ता मध्ये पडायला आली. अण्णांनी तिला हातानं थांबवलं. बाळासोनं त्यांना पायरीपर्यंत आणलं, चपला सरळ करून ठेवल्या, दोन्ही हात जोडले.

"जावा. देव तुमचं भलं करो."

त्यानं दार ओढून घेतलं, आणि आतून कडी घातली.