एका हंगामाचं पुस्तक

सांगलीत ज्या पुस्तकांच्या दुकानात मी काम करते, तिथला लहान मुलांचा कप्पा माझ्याकडं आहे. रोज कोणीतरी येतं आणि म्हणतं, "नऊ वर्षांच्या मुलीला काहीतरी चांगलं द्या. तिला शिकायला मिळेल असं." माझं डोकं तिथंच फिरतं. शिकायला शाळा आहे की. मग मी उलट विचारायला लागते, मुलगी कशावरून भांडते, कशाला घाबरते, एवढ्यात घरात काही झालंय का. लोक चक्रावतात, त्यांना वाटतं ही पुस्तक विकतेय की पोरगी बघायला आलीय. मालक म्हणतात, "प्रांजल, गिऱ्हाइकाशी जरा गोड बोलत जा." बोलते की. पण विचारल्याशिवाय पुस्तक हातात देत नाही.

ही खोड मला भाऊसो तात्यांमुळं लागली. ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांचे उपकार काही माझ्याच्यानं फिटत नाहीत, तेव्हा निदान ते कोण होते एवढं तरी सांगते.

आम्ही म्हसवडकडचे मेंढपाळ. दसरा झाला की आबा, म्हणजे माझे वडील कोंडीबा, घोड्यावर बिऱ्हाड लादायचे आणि मेंढरं घेऊन आष्ट्याच्या बाजूला खाली उतरायचे. पाऊस लागेपर्यंत मुक्काम तिकडंच, आज याच्या रानात, परवा त्याच्या. शाळेच्या हजेरीत माझं नाव असायचं आणि मी मात्र उसाच्या बांधावर. तिसरीच्या वर्षी परत आले तेव्हा बाईंनी वाचायला उभं केलं, तर मला जोडाक्षरं वाचता येईनात. सगळा वर्ग हसला. शेजारच्या पोरीला मी वेणी धरून खाली पाडली, ते सोडा. पण त्या दिवसापासून एक भीती बसली. दरवर्षी थोडं थोडं असं विसरत गेले तर एक दिवस मला काहीच वाचता येणार नाही, आणि मग कोणी मला शाळेत उभंसुद्धा करणार नाही.

भाऊसो तात्या आमच्याच गावातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या ओसरीत एक लोखंडी कपाट होतं, त्यात नुसती पोरांची पुस्तकं. सांगलीला नाहीतर साताऱ्याला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की तात्या एसटीनं जायचे आणि पिशवी भरून आणायचे. आसामातल्या पुरात होडीत भरणाऱ्या शाळेचं, तमिळमधून मराठीत आलेलं चोर माकडाचं, बारावीला नापास होऊन घरातून पळालेल्या पोराचं, सगळी अलीकडची, आपल्याच देशातली. मागं तात्पर्य छापलेलं दिसलं की पुस्तक तिथंच परत. "तात्पर्य आमच्या सुभेदारानं लय सांगितलंय," म्हणायचे. त्यांची बायको चंद्राबाई येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवायची, "लोकं म्हातारपणी देवाला लागत्यात, आमचं हे माकडाच्या मागं लागलंय."

चौथीत, दसऱ्याला दोन महिने असताना, मी त्यांच्याकडं गेले आणि सरळ म्हटलं, मला वाचायला विसरायचं नाही, काय करू. तात्या आबांना भेटायला आले. आबा म्हणाले, "आवं तात्या, घोड्यावर तवा हाय, घोंगडी हायत, कोंबड्या हायत, चार दिसांची कोकरं हायत. पुस्तक एक बसंल. दुसरं न्हाई." त्यावर आबांशी वाद घालून उपयोग नसतो, मी त्यांच्यावरच गेलेय.

तेव्हापासून तात्यांचा एक धंदाच झाला. सात महिने एकच पुस्तक पुरायचं म्हणजे ते वीस-पंचवीस वेळा वाचलं जाणार. म्हणून ते श्रावणातच बसायचे. एक पुस्तक वाचायचे, पंधरा दिवस थांबून पुन्हा वाचायचे, आणखी पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा. पहिल्या वाचनाला सगळीच पुस्तकं बरी वाटतात, तिसऱ्याला निम्मी पडतात. जे पडायचं नाही ते माझं. त्या वर्षी त्यांनी मला मिठागरात राहणाऱ्या मुलीचं पुस्तक दिलं. मी ते तेवीस वेळा वाचलं. जूनमध्ये वर्गात उभं केलं तर मी अशी सुसाट वाचत सुटले की बाईंनी 'बस' म्हटलेलं ऐकूच आलं नाही.

पाचवीला मात्र घोटाळा झाला. आमच्याकडं काळ्या नावाचा कुत्रा होता. कळपाला लांडगा आडवा आला तर अंगावर जायचा, आणि कोंबडी पुढ्यात आली तर लाजून वाट सोडायचा. झोपायचा माझ्या पायाशी. तात्यांनी विचार केला, पोरीकडं कुत्रा आहे, तिला कुत्र्याचंच देऊ. एका मुलाचं आणि त्याच्या कुत्र्याचं पुस्तक होतं ते. तात्या तीनदा वाचून तीनदा रडले होते. यापेक्षा भारी पुस्तक ते कुठलं आणणार होते.

आष्ट्याजवळच्या रस्त्यावर काळ्या उसाच्या ट्रॉलीखाली गेला. दुपारची वेळ होती, मी समोरच उभी होते. आबांनी त्याला उचललं, बांधाकडेला खड्डा काढला, वर काटे टाकले आणि मेंढरं हाकायला निघून गेले. तोंडातून एक शब्द नाही. मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या हातून भाकरी घेतली नाही. मग पुस्तक घेऊन बसले. निम्मं झालेलं होतं, म्हटलं निदान त्यातला कुत्रा तरी जिवंत आहे. आणि वाचता वाचता तोही मेला.

मी उठले आणि पुस्तक पाटात फेकून दिलं. पाटाला पाणी सुटलेलं होतं, गेलं वाहत. आईनं पाठीत एक धपाटा घातला, तोही मला लागला नाही. मग आबांचा मोबाइल घेतला आणि तात्यांना लावला. म्हटलं, "तात्या, तुमी मला कुत्रं मरायचं पुस्तक दिलं, ते मी पाटात फेकलं. आता माझा काळ्या मेलाय. मला तुमचं काय बी नको." आणि बंद केला.

हे बोलल्याची मला अजून लाज वाटते. पण तेव्हा खरंच वाटलं होतं की या म्हाताऱ्याला आधीच माहीत होतं आणि त्यानं मला सांगितलं नाही. आणि संध्याकाळ झाली तेव्हा दुसरी गोष्ट डोक्यात आली, आता पाऊस लागेपर्यंत वाचायला काहीच नाही. जोडाक्षरं पुन्हा जाणार.

चौथ्या दिवशी तात्या आले. म्हसवडहून विटा, विट्याहून सांगली, सांगलीहून आष्टा, आणि तिथून पायी. आमचा तळ दर दोन-तीन दिवसांनी हलायचा, पत्ता असा नव्हताच. फोनवर विचारलं असतं तर आबांनी 'येऊ नगा' म्हटलं असतं, म्हणून विचारलंही नाही. "म्हसवडकरांची मेंढरं कुठं बसल्यात?" असं रानारानात विचारत, चिखलातून धोतर वर धरून सत्तरीचा माणूस आमच्यापुढं येऊन उभा राहिला. खांद्याला पिशवी.

आबांना वाटलं पुस्तकाचा जाब विचारायला आलेत. ते कानकोंडे झाले. "तात्या, पोर येडी हाय, तिच्या वतीनं मी..." तात्यांनी हातानंच थांबवलं. माझ्यासमोर खाली मातीत बसले आणि म्हणाले, "प्रांजल, चुकलं माझं."

मोठ्या माणसानं माझ्यापुढं असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मी तीन खेपंला वाचलं, पर माझ्या ओसरीत बसून वाचलं. तुज्या जागंवर बसून एकदाबी वाचलं न्हाई. ह्या तीन पुस्तकांतलं तुझं तू निवड." पिशवी त्यांनी माझ्यापुढं ठेवली. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "पर लिवणाऱ्यानं कुत्रं मारलंच का?"

तात्यांनी पिशवी बाजूला सारली. मग म्हणाले, "तू कुठवर वाचलंस?"

"मेलं तितवर."

"त्याच्या म्होरं चार पानं हायत, बाय. ते पुस्तक सांगलीतबी मिळालं न्हाई, न्हाईतर तेच आणलं असतं. सांगू?"

पुस्तकाचा शेवट तात्या कधीच कोणाला सांगायचे नाहीत. पोरं पाया पडली तरी नाही. त्या दिवशी सांगितला. कुत्रा गेल्यावरही तो मुलगा रोज संध्याकाळी भाकरीचा तुकडा बाजूला काढतो. आई बघते, पण काही बोलत नाही. तुकडा सकाळी कावळे नेतात. असे बरेच दिवस जातात. मग एका संध्याकाळी तो खेळून दमून येतो आणि तुकडा काढायचा विसरतो. अंथरुणात आठवण होते आणि मग जो रडायला लागतो तो थांबतच नाही. त्याचा बाप त्याला जवळ घेतो आणि म्हणतो, तू विसरलास म्हणून तो तुझ्यावर रागवायचा नाही.

तात्यांनी ते अगदी संथ सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. मी रडले. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली. मग माझं लक्ष आबांकडं गेलं. ते आमच्याकडं पाठ करून, मेंढरांच्या जाळीला हात धरून उभे होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. गेले सहा दिवस ते रोज सकाळी मेंढरं सोडताना काळ्याला शीळ घालत होते आणि मधेच थांबत होते. मी ऐकत होते, पण रागात असल्यामुळं ते काय आहे हे मला कळलंच नव्हतं.

आबा तसेच पाठमोरे म्हणाले, "आवं तात्या, ते श्येवटचं परत एकदा सांगा की."

तात्यांनी पाणी मागून घेतलं आणि पुन्हा सांगितलं.

तात्या निघाले तेव्हा मी पिशवीतलं एक पुस्तक उचललं. घोड्यावरच्या गाठोड्यात मी ते खोचायला लागले तर आबांनी माझ्या हातातून घेतलं, अंगातल्या बंडीच्या आत घातलं आणि वरून घोंगडी आवळली. म्हणाले, "तितं भिजंल. माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. दुपारी बसलो की वाचून दावत जा मला."