नुसता कागद नको होता

"एमबीए करून टाका, मॅडम," असं आमचे मालक म्हणाले, तेव्हा त्यांचा सूर एखाद्याला केस कापून या म्हणावं तसा होता.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची बियाण्यांची कंपनी आहे. मी तिथं बी.कॉम. होऊन अकाउंट्समध्ये लागले. पुढं कंपनी वाढली आणि ताळेबंद, कर, बँकेची कर्जमर्यादा असं एकेक करत सगळं माझ्या टेबलावर आलं. जुने वित्तप्रमुख निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची रिकामीच राहिली, त्यांचं काम मात्र माझ्याकडे आलं. ती खुर्ची मला हवी होती. हे मी सरळच लिहिते, कारण बाईनं पद हवं म्हटलं की आमच्याकडे लोकांना ती हावरी वाटते. वाटू द्या.

"काम तर तुम्हीच करून राह्यल्या," मालक म्हणाले. "पण तुम्ही सीए न्हाई, एमबीए न्हाई. उद्या बँकवाले इच्यारतील, हेड कोण? मंग मी काय दाखवू? एक कागद पायजे फक्त." त्यांनी एक रंगीत पत्रक माझ्यापुढं सरकवलं. ऑनलाइन कोर्स, घरबसल्या, परीक्षासुद्धा मोबाइलवर. "खर्चा कंपनीचा. जल्दी उरकून टाका. बिलकुल टेन्शन न्हाई."

टेन्शन नाही, हेच माझ्या डोक्यात गेलं. इतकी वर्षं यांच्या हंगामाचं टेन्शन मी वाहिलं, आणि शिकायची वेळ आली तर म्हणे टेन्शन नको.

मी आपली शोधाला लागले. नोकरदारांसाठीचे एमबीए ढिगानं होते. प्रत्येक पत्रकात सूट घातलेली माणसं काचेच्या इमारतीसमोर हसत उभी, आणि प्रत्येक ठिकाणी वर्ग शनिवार-रविवारी. आमच्या कारखान्याची सुट्टी औद्योगिक वसाहतीच्या विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे शुक्रवारी. शनिवार-रविवार नावाची चैन आमच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. एका संस्थेला फोन करून मी विचारलं, की शुक्रवारची सुट्टी असणाऱ्यांसाठी काही सोय आहे का. पलीकडच्या मुलीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली, की मी भारतातूनच बोलतेय ना, आखातातून नाही.

दुसरा अडथळा अंबडला, आमच्या घरी होता. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. आमच्या बौद्ध घरांत शिक्षणाला कुणी आडवं येत नाही, पण कोणतं शिक्षण यावर मात्र प्रत्येकाचं मत असतं. पुण्यातल्या एका चांगल्या संस्थेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मला आवडला होता. वडिलांनी चष्मा लावून माहिती वाचली आणि बोट एका जागी थांबवलं.

"हे तर डिप्लोमा देऊन राह्यलेत."

"हो बाबा, पण तो एमबीएच्या बरोबरीचाच असतो. मोठमोठ्या संस्था असाच देतात."

"डिप्लोमा म्हणजे डी.एड. आन् डिग्री म्हणजे बी.एड. डिग्री झाल्यावर कोणी डिप्लोमाला जातं का? आमच्या शाळेत असं कोणी केलं असतं तर सगळे हसले असते. वेतनश्रेणी तरी बदलंल का?"

खासगी कंपनीत वेतनश्रेणी नसते हे मी त्यांना गेली कित्येक वर्षं सांगतेय. त्यांच्या दृष्टीनं मी अजून नोकरीलाच लागलेली नाही. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलं आणि जेवायला बसले.

पण खरं ठरवायचं मलाच होतं आणि मलाच ठरत नव्हतं. ऑनलाइनवाला फुकट होता, सोपा होता, मालक खूश होणार होते. पुण्याच्या संस्थेची फी माझी मलाच भरावी लागणार होती. त्या संस्थेनं इच्छुकांना एका वर्गात बसून पाहायला बोलावलं होतं. मी शनिवारची रजा टाकली आणि शुक्रवारी दुपारच्या बसनं पुण्याला गेले.

तिथं जे झालं ते कळायला आमच्या कंपनीतली एक रीत सांगायला हवी. बँकेचे अधिकारी कर्जमर्यादेच्या बैठकीला आले, की टेबलाशी मालक बसतात आणि मी त्यांच्या मागं, भिंतीलगतच्या खुर्चीवर. अधिकारी प्रश्न विचारतात. मालक म्हणतात, "सांगतो ना, बराबर सांगतो," आणि चहा मागवतात. तेवढ्यात मी चिठ्ठीवर उत्तर लिहून पुढं सरकवते. मालक चिठ्ठी बघतात आणि सांगतात. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की यात काही वावगं आहे असं मलाही वाटेनासं झालं होतं. उलट चिठ्ठी थोडक्यात आणि सुवाच्य लिहिते, याचा अभिमान होता मला.

तर पुण्याच्या त्या वर्गात एका कंपनीची गोष्ट चर्चेला होती. विक्री जोरात वाढलेली, नफा छान, पण पैसा काही हातात येत नाही. प्राध्यापकांनी विचारलं, काय चाललंय इथं? लोक इंग्रजीत धडाधड बोलायला लागले. कुणी व्याजावर घसरलं, कुणी व्यवस्थापनावर. मला पहिल्या पानावरच दिसलं होतं. माल विक्रेत्यांकडे नुसता जाऊन पडला होता. बियाण्याच्या धंद्यात हे दरवर्षीचं आहे. हंगामाआधी पोती दुकानदाराकडे जातात, आपण विक्री लिहितो, आणि पेरण्या आटोपल्या की न विकलेली पोती परत येतात.

मी पेन काढलं, कागद फाडला, दोन ओळी लिहिल्या आणि शेजारच्या गृहस्थांपुढं सरकवल्या.

त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं. कुठल्याशा बँकेत नोकरीला होते ते. "बरोबर आहे की हे," ते हळूच म्हणाले. "पण मला का देताय?"

मला का देताय! भर वर्गात बसून मी एका अनोळखी माणसाला माझं उत्तर देऊन टाकत होते, तो केवळ टेबलाशी माझ्यापेक्षा जरा पुढं बसला होता म्हणून. मला माझी लाज वाटली आणि पाठोपाठ इतका राग आला, की मी हात वर करायच्या आधी उभीच राहिले.

जिल्हा परिषदेच्या शाळेतलं माझं इंग्रजी, ते जसं आलं तसं बोलले. प्राध्यापकांनी ऐकून घेतलं. शाबासकी वगैरे काही दिली नाही. "मग परत येणाऱ्या मालासाठी किती तरतूद धराल?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. "का?" मी म्हणाले, दरवर्षी तेवढीच धरतो. "दरवर्षी धरता म्हणून ती बरोबर कशी?" मी काहीतरी उत्तर दिलं, ते त्यांनी खोडलं. दुसरं दिलं, तेही अर्धंच टिकलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मी चुकत होते. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! इतक्या वर्षांत मला "का" असं कुणी विचारलंच नव्हतं. वर्ग सुटल्यावर कळलं, की इथं वर्गात बोलण्यालाही गुण असतात. गप्प बसणारा नापास होऊ शकतो. मी त्याच दिवशी अर्ज भरला.

ती वित्तप्रमुखाची खुर्ची अजून रिकामीच आहे, हे आताच सांगून टाकते, म्हणजे कुणी गोड शेवटाची वाट बघायला नको. प्रवेश मिळाल्यावर मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. एका आठवड्याआड शनिवार-रविवारी मी येणार नाही, शुक्रवारी सुट्टीत प्रवास आणि पुढचे दोन दिवस वर्ग, असं सांगितलं.

"हंगामात सुट्टी? न्हाई जमणार."

"सुट्टी मागायला नाही आले. रविवारसकट त्या दिवसांचा पगार कापा. फी मी भरलीय."

मालकांच्या कपाळावर आठ्या आल्या. "फुकटचा कोर्स सोडून हे कशाला? कागद तर दोन्हीकडं सारखाच. आन् तिथून आल्यावर मी तुम्हाला हेड करीनच, असं काई न्हाई."

"माहितीये. तुम्ही नाही केलंत तर दुसरं कुणीतरी करील."

हे बोलायचं मी ठरवून गेले नव्हते. तोंडातून गेलं आणि परत घ्यावंसं वाटलं नाही. मालकांनी टेबलावरची डायरी उघडली.

"मंग पुढच्या आठवड्यात बँकेची मीटिंग हाय," ते म्हणाले. "तिला तरी येणार ना?"

"येईन. पण टेबलाशी बसेन, आणि मला जे माहीत आहे ते मीच बोलेन."

"आन् त्यांच्यासमोर चुकलं तं?"

"तर माझं चुकेल," मी म्हणाले.