पाठीमागची खुर्ची

माझा जन्म निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या सालातला, म्हणून स्वभावानंही फौजदारच, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. औरंगाबादच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी सुपरवायझर होते. फोन जोडून देणाऱ्या पोरी रांगेनं बोर्डासमोर बसायच्या आणि त्यांच्या पाठीमागं माझी उंच खुर्ची. माझ्यासमोर प्रत्येकीच्या बोर्डाचा एकेक खटका. तो दाबला की तिचं बोलणं माझ्या कानात. गिऱ्हाइकाशी नंबराखेरीज एक शब्द जास्त बोलली की मेमो. लई जणी रडल्या माझ्यापायी. रडेनात का, काम ते काम.

मग माझी बदली नागपूरला निघाली आणि नेमकं तेव्हाच सासूबाईंचं डावं अंग गेलं. नवरा एसटीत कंडक्टर, कायम मुक्कामाच्या गाडीवर. सासूबाईंना कूस बदलायची तरी माझाच हात लागायचा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. शेवटी मी लिहून दिलं, मला परत साधी ऑपरेटर करा पण इथंच राहू द्या. साहेबांनी आधी वेड्यात काढलं, मग सही केली. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "बाई, ही मेहरबानी आहे. एक जरी तक्रार आली तर नागपूर."

माझ्या खुर्चीवर मीच शिकवून तयार केलेली मुलगी बसली. काल-परवापर्यंत मला ताई म्हणायची, आता नुसतं 'बाई'. ती मला कधी बोलली नाही, मेमो दिला नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. तिचं ते गप्प राहणंच मला खायचं.

खटका दाबून कुणी ऐकायला लागलं की लाईनीतला आवाज किंचित बसतो. नव्या पोरींना ते कळत नाही, मला कळायचं. माझ्या लाईनीचा आवाज दिवसातनं कितीदा तरी बसायचा. मागं वळून बघायची सोय नाही, तो नियम माझाच. पाठ नुसती ताठून जायची. पुढं पुढं तर घरी भाकरी थापतानाही मागं कुणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं. फर्दापूरला माहेरी मी बजावून ठेवलं होतं, काहीही होवो, मला एक्स्चेंजला मागायचं नाही, शेजारच्या किराणा दुकानात फोन करायचा. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते फार लागलं, असं नंतर कळलं.

त्या दिवशी दुपारपासून आवाज बसलेलाच होता. मधनं सुटत नव्हता. आज काहीतरी होणार, असं मन सारखं म्हणत होतं. तेवढ्यात फर्दापूरची लाईन आली. मी "बोला" म्हटलं, तर पलीकडं धापा टाकणं ऐकू आलं आणि मग माझ्या धाकट्या भावाचा आवाज.

"ताई?"

माझ्या डोळ्यांपुढं सासूबाईंची खाट आली.

"नंबर सांगा," मी म्हटलं.

"ताई, तूच हायस ना?"

"नंबर सांगा."

मग त्यानं किराणा दुकानाचा नंबर सांगितला. मी जोडून दिला. जोडणी लागली का हे ऐकावंच लागतं, म्हणून ऐकलं. तो दुकानदाराला म्हणाला, "शेजारी माझी बहीण राहते, तिला सांगा, अण्णा गेले."

मी लाईन सोडली. पुढचा कॉल परभणीचा होता, तो जोडला. आवाज तरीही बसलेलाच. मग मात्र, गेला नियम खड्ड्यात, मी वळून बघितलं. खुर्ची रिकामी होती. माझा खटका दाबलेला तसाच ठेवून ती चहाला गेली होती. शेजारची पोरगी म्हणाली, मघाशीच गेली की.

सावडून आल्यावर फर्दापूरच्या ओट्यावर भाऊ माझ्याजवळ बसला. त्याचे डोळे सुजले होते.

"एक्स्चेंजमधल्या त्या बाईचा आवाज अगदी तुझ्यासारखा होता गं," तो म्हणाला. "मी दोनदा हाक मारली. मग कळलं, ही आपली नाय. तू असतीस तर बोलली असतीस."

"व्हय रे," मी म्हटलं.