किल्ला उडवायचा दिवस

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे एक बैठी चाळ होती. ऐंशीच्या दशकात तिथे श्रीलंकेतून पळून आलेली दोन-तीन तमिळ कुटुंबं राहायला आली. दंगलीत घरं जळालेली, पुढे कुठे जायचं त्याचा पत्ता नाही. मी शाळेत चित्रकला शिकवायची, म्हणून महिला मंडळाने त्यांच्या मुलांसाठीचा रविवारचा चित्रवर्ग माझ्या गळ्यात मारला. कलेने जखमा भरतात, असं आमच्या अध्यक्षीणबाई भाषणात म्हणायच्या. वर्गाकडे त्या कधी फिरकल्या नाहीत.

वर्गात आठेक वर्षांची एक मुलगी होती. उजव्या हातात खडू, डाव्या मुठीत आईचा पदर. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला शाळेत घ्यायचं आमच्या मोठ्या बाईंनी कबूल केलं होतं, पण अट एकच. तिने आईशिवाय वर्गात बसायला हवं. तिची आई दर रविवारी मोडक्यातोडक्या हिंदीत मला विचारायची, बसेल का? मी बसेल म्हणायची. दुसरं काय सांगणार?

सुट्टी लागली आणि सोसायटीतल्या मुलांनी आवारात किल्ला करायला घेतला. मी तिला सरळ त्यांच्यात नेऊन बसवलं. चिखल कालवायला दोन हात लागतात, तेव्हा पदर सुटला.

पोरांना बुरूज हवे होते. हिने पायथ्याशी गाव वसवलं. चार घरं, विहीर, घरांमधून जाणारी वाट. बाजारातून आणलेल्या मातीच्या छोट्या बाहुल्यांतले मावळे पोरांनी वर उभे केले, आणि भाजीवाली, जात्यावरची बाई, गाय-वासरू हिच्या वाट्याला आले. संध्याकाळी फटाके सुरू झाले की ती खोलीत खाटेखाली जाऊन बसायची. पण सकाळी सगळं शांत असताना एकटी यायची, हातात तांब्या घेऊन, पेरलेल्या मोहरीला पाणी घालायला. आई चाळीच्या दारातून बघत हसायची. मला इतका आनंद झाला, की मी मोठ्या बाईंना घरी जाऊन सांगून आले.

भाऊबीज झाली. दिवाळी संपली की उरलेला सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायचा, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. लहानपणी मीही भावांबरोबर उडवलेत. पोरांनी पायथ्याशी भोक पाडून बॉम्ब बसवला, आणि पोरं चांगली होती, म्हणून मान तिला दिला.

"किल्ला तुझा पण आहे ना? मग वात तूच लाव."

तिच्या हातात पेटती उदबत्ती दिली. ती रडली नाही, पळालीही नाही. बॉम्बकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"बाई, किती वेळ आहे?" एवढं मराठी ती या पोरांकडूनच शिकली होती.

तिने उदबत्ती परत केली, फ्रॉकचा घेर पसरला आणि गावातलं एकेक माणूस उचलून त्यात ठेवू लागली. आधी जात्यावरची बाई, मग भाजीवाली, शेवटी गाय-वासरू. पोरांना वाटलं, हा खेळच आहे. महाराजांना पण घे ना गं, असं कुणीतरी म्हणालं. तिने मान हलवली. मावळ्यांना तिने हात लावला नाही. घेर सांभाळत ती चाळीकडे गेली आणि दारातच तिने आईचा पदर धरला.

मी पोरांना ओरडून वात लावू दिली नाही. किल्ला तसाच उभा राहिला, मोहरी वाळली, पुढे झाडूवाल्याने माती सपाट केली. ती एकदाही बघायला आली नाही. मला आमच्या सगळ्या चांगुलपणाचाच राग आला, आणि त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

शाळा उघडली. ती दारापर्यंत आली, पदरासकट, आणि तशीच परत गेली.

रविवारी दोघी वर्गाला आल्या नाहीत, म्हणून मी खोलीवर गेले. त्यांचं एक गाठोडं कायम बांधलेलं, दाराशीच असायचं. आता त्यावर एक लहानसं गाठोडं होतं, आतून जात्याची मातीची कड वर आलेली. आईने मला बसायला पाट दिला, कॉफी दिली. बसेल का, हे तिने विचारलं नाही.