नावं उघडी राहिली

बाबांना कावीळ झाली आहे, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. झाला होता यकृताचा कॅन्सर. "कळलं तर ते हाय खातील," म्हणून आईनं मला शपथ घातली. आमच्याकडे असल्या बाबतीत ज्याचा आजार त्यालाच विचारायची पद्धत नव्हती.

अमेरिकेतल्या बहिणीला तिथल्या डॉक्टरांना दाखवता यावेत म्हणून मी सगळे रिपोर्ट स्कॅन केले. पण घरचा कॉम्प्युटर बाबांचा होता, बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जुळवलेला. चोरीचं विंडोज घरात येणार नाही, असं त्यांनी ठणकावल्यामुळे मी त्यावर फुकट मिळणारं लिनक्स घातलं होतं. निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर त्यात डोकं घालून बसत आणि एकही फोल्डर उघडल्याशिवाय सोडत नसत. म्हणून मी रिपोर्टांचा फोल्डर एका फाइलीत बांधून तिला भलामोठा पासवर्ड घातला आणि मूळ फोल्डर पुसून टाकला. हिंजवडीच्या आयटी कंपनीत दिवसभर लोकांचा डेटा सांभाळणारी मी, मला हे म्हणजे अगदीच किरकोळ वाटलं.

एका रविवारी आई भाजी आणायला गेली तशी बाबांनी हाक मारली, "जरा इकडे या, इंजिनिअरबाई."

पडद्यावर माझं ते गाठोडं उघडलेलं होतं. पासवर्ड आतल्या मजकुराला लागला होता, फाइलींची नावं मात्र कुणालाही वाचता येत होती. आणि नावावरूनच आत काय आहे ते कळलं पाहिजे, ही कंपनीनं माझ्या अंगात भिनवलेली शिस्त. 'बाबा-लिव्हर-कॅन्सर-बायॉप्सी.'

"एवढं कुलूप लावलंत," ते म्हणाले, "आणि पाटी बाहेरच ठेवलीत."

"कधी पाहिलंत?"

"मागच्या महिन्यात."

मागच्या महिन्यात! म्हणजे आईनं समोर ठेवलेला उसाचा रस, ते बिनफोडणीचं वरण, 'डोळ्यांचा पिवळेपणा उतरला हं' हे रोजचं ऐकणं, सगळं त्यांनी माहीत असून निमूटपणे घेतलं होतं. मला रडू यायला हवं होतं. आला तो त्यांचा रागच.

"आजार कळला. पुढचं आत आहे. पासवर्ड घाल."

मी घातला. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं मत आलं, तेही मी त्यातच घातलं होतं. फार तर दिवाळीपर्यंत, असा त्याचा अर्थ. बाबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं, चष्मा पुसला.

"बंद कर. या वेळी नावंसुद्धा दिसता कामा नयेत."

"आता कुणापासून लपवायचं, बाबा?"

"मी हे उघडलंय, ते तुझ्या आईला कळू द्यायचं नाही. मला काही माहीत नाही या समजुतीवरच उभी आहे ती."

तेवढ्यात आई आली. पिशवी खाली ठेवत म्हणाली, "अहो, बरे झालात की पुढच्या उन्हाळ्यात कोकणात जाऊन येऊ."

"आत्ताच बुकिंग कर," बाबा म्हणाले. "मागाहून खोल्या मिळत नाहीत."

"उद्याच करते," आई म्हणाली. मला त्या दोघांकडे बघवेना.